सोनेगाव, पहाटे पावणेपाच

मे महिना. वेधशाळेची फरशी अजून
तळपायांना सांगते, काल शेहेचाळीस होतं.
हायड्रोजनच्या शेडमध्ये दौलत उईके
फुग्याला नळी लावतो. बिडी कानावर, माचिस घरी.

मला वाटलं, तट्ट भरायचा असेल,
वाढदिवसाला भरतात तसा.
"काहून? ढिलाच ठेव पोरी," तो म्हणाला,
"वरतं गेला का आपल्या आपच भरते."

पुस्तकात मी हेच शिकले होते, वेगळ्या बोलीत.
रेणू तेवढेच; दाब उतरला की जागा वाढते,
जागा वाढली की घनता विरते.
निम्मा दाब, निम्मी घनता,
तापमान जागचं हललं नाही तर.
पण ते हलतं. वर उणे पाच, मग उणे पन्नास,
थंडी फुग्याला आवळू बघते
आणि दाब तिच्याहून भरभर उतरतो.

आदर्श वायूच्या रेणूंना एकमेकांची ओढ नसते
आणि जागा तर ते मुळीच अडवत नाहीत.
हे मी वाचलं पाचपावलीच्या खोलीत,
आम्ही सात जण, कूलर एक,
कूस बदलायची तर विचारून बदलायची.
समासात पेन्सिलीने लिहिलं होतं :
असं कोण असतं?

सुटला.
खालून लोंबता, सुरकुतलेला,
डबा ओढत, धावपट्टीच्या दिव्यांवरून,
वर्धा रोडच्या ट्रकांना पत्ता न लागता.

पडद्यावर आकडे. नऊशे सत्तर. सातशे.
चारशे पंच्याऐंशी.
म्हणजे निम्मी हवा आता त्याच्या खाली :
बुटीबोरीचा धूर, कोणाची तरी लसणाची फोडणी,
आमच्या सात जणांचे श्वास,
सगळं सहा किलोमीटरांत दाटलेलं,
वरच्याच्या ओझ्याने.

दहावर येईस्तोवर तो सत्तर पट होतो.
रबर कांद्याच्या पापुद्र्याएवढं,
आत मात्र तेवढंच,
जेवढं दौलतने मोजून दिलं.

सहा अठ्ठावीस. रेघ तुटली.
नोंदवहीत लिहिते : फुटला. दाब दहा.
डबा उतरेल कुठे तरी, कुहीच्या अलीकडे
की उमरेडच्या पलीकडे, कुणाच्या कवेलूंवर.

फाटकाबाहेर, नियमापेक्षा दहा पावलं जास्त जाऊन
दौलत बिडी पेटवतो.
"भेटलं का वरतं कोनी?" रोजचा प्रश्न.
मी म्हणते, हवा भेटली काका, पण पातळ.

"मंग? पातळच राहीन ना," तो धूर सोडतो,
"तिथं दाबाले कोन हाय?"