शेणाची वही

नॉर्थविचच्या बाहेर, जिथं जमिनीखालचं मीठ उपसता उपसता
घरं वाकडी झाली, रस्ते खाली बसले,
तिथं आमचं प्राणिसंग्रहालय, आणि त्याच्या मागच्या अंगाला
माझी खोली: एक शीतकपाट, एक यंत्र
आणि शेणाचे तीनशे बारा डबे.

प्रत्येकावर वार, वेळ आणि नाव: वांजा.
डेलिथ सकाळी बादली घेऊन येते,
दारातूनच म्हणते, "घे, आजचा पेपर."
मी सुकवते, चाळते, काटे-काड्या निवडते.
हॉथॉर्नची साल, विलोची पानं,
अर्धवट चावलेला कालचा दिवस.
त्यातून शेवटी एक आकडा निघतो.
आकडा चढता राहिला, म्हणजे पोटात कुणीतरी आहे.
पडला, तर आम्ही चहा पीत नाही,
नुसते कप धरून बसतो.

आईला सांगितलंय, लॅबमध्ये असते.
कशाची, ते तिनं विचारलेलं नाही.

कपाटावर मेणकापडी पुठ्ठ्याची एक वही आहे.
एनक ऑलरेनशॉ, मुख्य राखणदार, एकोणीसशे चौपन्न.
त्याच्याकडे यंत्र नव्हतं. नाक होतं,
आणि एक तिपाई, जिचा एक पाय आखूड.
"मादी शेपूट वळवून उभी. नर आठ फुटांवर.
मी मधे."
पुढच्या पानावर:
"नराची पाटीभर लीद तिच्या दारात टाकली.
तिनं हुंगली, पायानं विसकटली.
साहेब हसले. हसू देत."
असं एकवीस दिवस, पाटीपाटीनं, भिंतीआडून
त्यानं त्या दोघांचं स्थळ जमवलं.

आपण गेंड्याची कातडी म्हणतो,
ज्याला काही म्हणजे काही लागत नाही, त्याला.
एनकच्या वहीत पानंच्या पानं त्या कातडीची:
ओल धरली की चिघळते,
फरशी घासली की फोड येतात,
माशी बसून उठली तरी रक्ताचा ठिपका.
तो जवसाचं तेल कोमट करून लावायचा
कानांमागे, जांघेत, आणि पोटाखाली,
"जिथं ती माझ्या धाकटीच्या गालासारखी आहे."
वाक्य त्याचं. मी नुसतं मराठीत आणलं.

एक पान मी भरभर उलटते.
जहाजावर तीन चढवले, दोन उतरले.
पकडताना पिल्लाची आई मारावी लागली, असं तो लिहितो.
मग 'मारावी लागली' खोडतो.
वर बारीक अक्षरात: मारली.
भला माणूस होता का, मला ठरवता येत नाही.
त्या खाडाखोडीवर मात्र माझा विश्वास आहे.

सव्वा वर्ष दाराच्या चौकटीवर खडूच्या रेघा.
मग पिल्लू. मग अकरा दिवसांची अकरा पानं,
दूध किती, झोप किती, पावलं किती.
बारावं कोरं.
कोपऱ्यात तेलकट अंगठा उमटलेला.

पाच वर्षांनी दुसरं झालं, ते जगलं.
वांजा त्याची नात.

आज चारशे एकसष्टावा दिवस, आणि आकडा पडला.
ज्या पडण्याला इतके महिने भ्यायलो
तेच पडणं आता आम्हाला हवं होतं:
पोट रिकामं व्हायची वेळ झाली, एवढाच त्याचा अर्थ.
तरी डेलिथनं दोनदा विचारलं, "नक्की?"
मी दोनदा यंत्र लावलं.

रात्री ती तिपाईवर. आखूड पायाखाली
घडी घातलेला माझाच एक तक्ता.
वांजा मिठाचा ठोकळा चाटत्येय,
जिभेनं मधे पार द्रोण झालाय त्याचा.
या गावच्या पोटातलंच मीठ.
कॅमेऱ्यावर वाफ धरलीय. काही दिसत नाही,
नुसतं कुणीतरी जड, कूस बदलल्यासारखं.

मी उद्याचा डबा काढून ठेवते,
वार घालते, वेळेची जागा सोडते.
मग आणखी एक डबा काढते, लहान,
आणि नावापाशी पेन थांबतं.