राखीव

पुन्ता आरेनासला वारा येत नाही,
तो इथंच राहतो.
चौकात दोर बांधलेत, माणसांनी धरून चालावं म्हणून,
आणि बंदराच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीची काच रात्रभर दात खाते.

मिलेन्को म्हणाला, दोन सर्व्हर लाव.
एक कामावर, एक राखीव.
चारशे बारा उपकरणं : धक्क्यावरचे कॅमेरे,
सामुद्रधुनीपलीकडचा पोर्वेनिरचा मनोरा,
फेरीबोटीच्या तिकीटखिडकीतला तो म्हातारा राउटर.
एकानं सगळ्यांची खबर ठेवायची,
तो पडला तर दुसऱ्यानं,
तिकीट फाडणाऱ्या बाईला कळूही नये असं.

डेटाबेस मात्र एकच.
दोघांच्या दोन आठवणी झाल्या की भांडण आलं,
नळीनं माते ओढत तो म्हणाला.
एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत,
पण एका वहीवर दोन हात चालतात.
एका वेळी एकानं लिहायचं, एवढंच.

दर पाच सेकंदांनी पहिला
एका बारीक रकान्यात वेळ टाकतो : मी आहे.
दुसरा तो रकाना वाचत बसतो.
मी आहे. मी आहे.
साठ सेकंद काहीच आलं नाही तर उठायचं,
पहिल्याचा पत्ता अंगावर चढवायचा
आणि अर्धवट वाक्य पुढं सुरू करायचं.

वही म्हटलं की मला रायेनचं दप्तर दिसतं.
एक आठवडा माझ्याकडे, एक गास्तोनकडे.
निळी वही तिच्यासोबत ये-जा करते :
ताप अडतीस पॉइंट चार, सिरप सहाला दिलं.
खालचा दात हलतोय, ओढू नकोस.
कासवाचं चित्र सोमवारी.
आम्ही दोघं बोलत नाही.
वहीतलं अक्षर तेवढं बोलतं.

बारा वाजून वीस मिनिटांनी मी केबल उपटली.
मिलेन्को घड्याळाकडे, मी पडद्याकडे.
चाळीस.
पन्नास.
पोर्वेनिरचा हिरवा ठिपका राखाडी झाला.
साठ.

दुसरा उठला. एकेक सेवा सुरू झाली,
आणि उंबऱ्यावरच अडली.
लॉगमध्ये तीच ओळ, पुन्हा, पुन्हा :
या खात्याला लिहिण्याची परवानगी नाही.

वाचता येत होतं त्याला.
सगळं दिसत होतं, कोण पडलंय, कुठं पडलंय,
हात तेवढा लावता येत नव्हता.
परवानग्यांचा तक्ता कुणी भरला? मिलेन्कोनं विचारलं.
मी.
मार्चमध्ये.

मार्चमध्येच मी पोर्वेनिरला अडकले होते.
वाऱ्यानं बोटी बंद, फोनला रेंज नाही.
गास्तोनला कुणी बोलावलं नव्हतं;
चारच्या बातम्यांत बोटी बंद ऐकल्या नि तो उठला,
शाळेच्या दाराशी जाऊन उभा राहिला, साडेसहापर्यंत.
काचेच्या आत रायेन, कोटाची बटणं लावून.
काचेच्या बाहेर तो, वाफेवर बोटानं कासव काढत.
यादीत दुसऱ्या नावाची जागा कोरी होती.
नियम नियम असतो, बाई म्हणाल्या,
आणि पोरीला माझ्या बहिणीकडे सोडून आल्या.

ती जागा मी विसरले नव्हते.
कोरी ठेवली होती.

एक ओळ टाइप केली. एंटर.
पुन्हा केबल, पुन्हा साठ,
एकसष्टाव्या सेकंदाला ठिपका हिरवा.
पहिला जोडला तेव्हा वाटलं, आता हा गादी मागेल.
नाही मागितली. रकाना उघडून
मुकाट वाचत बसला.

आणि डेटाबेसच गेला तर?
ते पुढच्या बजेटात, मिलेन्को म्हणाला,
आणि टोपी कानांवर ओढून घरी गेला.

शाळेची कचेरी आठला उघडते.
आता साडेसात. निळं पेन खिशात आहे.
चौकात वारा तसाच.
दोर धरून जावं लागेल.