मापात पाप

किलोच्या खाली देत नाही, म्हणाला वुल्वरहॅम्प्टनचा घाऊकवाला,
आणि खासगी गिऱ्हाइकाला तर नाहीच नाही.
म्हणून खातं मॉरिस सटक्लिफच्या नावावर.
त्याचं ड्रायक्लीनिंगचं दुकान बंद होऊन नऊ वर्षं झाली,
पण घाऊकवाल्याच्या वहीत ते अजून
कोट धूत होतं.

टॉडमर्डनच्या कालव्याकाठी, चॅपलच्या हॉलमध्ये,
हीटरच्या मीटरमध्ये नाणी टाकत
मी सगळ्यांना भिशी समजावून सांगितली.
फरक एवढाच, म्हटलं, की इथे सगळ्यांचा नंबर एकदम लागतो
आणि पैशाऐवजी विष मिळतं.
हसले. मग एकेकाने पावती मागितली.

डेनीस ऑग्डेनला हिरवं सायट्रेट, चारशे ग्रॅम.
निळी छपाई करते ती. ऊन इथे जावयासारखं,
आलं तर आलं, म्हणून एका सलूनमधून
भंगारात निघालेला टॅनिंग बेड आणलाय,
त्यात आता माणसांऐवजी कागद झोपतात.
इद्रिसला लाल फेरिसायनाइड.
कुरियरवाल्याने लेबलाचा शेवट तेवढा वाचला
आणि खोकं फुटपाथवरच ठेवून गेला.
मला थोडं थोडं सगळंच.
मॉरिसला सिल्व्हर नायट्रेट, पंचवीस ग्रॅम,
पैसे आगाऊ, रोख, पाकिटात.
चांदी रोज चढत होती,
गुरुवारचा भाव शुक्रवारी शिळा.

मॉरिस काय छापायचा?
दुकानात राहून गेलेले कपडे.
कुणी न्यायलाच आलं नाही असे एकोणीस नग,
एक लग्नाचा झगा धरून.
खिळ्याला अडकवून फोटो काढायचा,
मिठाच्या कागदावर उतरवायचा,
खाली पावतीचा नंबर.
नावं आठवत होती त्याला. लिहायचा नाही.

माल आला एप्रिलच्या शेवटी.
मॉरिस त्याआधी अकरा दिवस गेला होता.

तोलायचं काम माझं.
कराडला आमची सराफी, काट्यासमोर श्वास कसा धरायचा
ते मला कुणी शिकवलेलं आठवत नाही.
पण ही चांदी साखरेसारखी सांडते,
आणि शंभरात तीन ग्रॅम कमी भरली.
दोनदा तोललं. तीनच.
कुणी काही बोललं नाही.
सगळ्यांनी फक्त एकदा
मॉरिसच्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं.

मापात पाप नको, मी म्हटलं. मराठीतच.
माझ्या वाटणीतून तीन काढले,
त्याची बाटली पंचवीसला पुरी केली,
चिठ्ठी लावली: सटक्लिफ, पैसे भरलेले.
तेवढ्यात हातमोजा फाटलेला दिसला.

डाग लगेच दिसत नाही. उजेडाची वाट बघतो.
सकाळपर्यंत डाव्या हाताची तर्जनी नखापासून काळी.

गुरुवारी त्याच हॉलमध्ये कौन्सिलचं मतदान.
दोरीला बांधलेली पेन्सिल, फुली मारा, घरी जा.
शाई नाही, बोट कुणी धरत नाही.
तिकडे मत दिल्यावर बोट काळं करतात,
मी आधीच काळं घेऊन आले होते.
यादीवरच्या बाईने पाहिलं, म्हणाली, रंगकाम?
हो म्हटलं. भिंत कुठली ते तिने विचारलं नाही.

बाटली अजून माझ्याकडे आहे,
जिन्याखाली, अंधारात, तपकिरी काचेत.
मॉरिसची मुलगी लीड्सला असते. दोनदा निरोप ठेवला.
येईल म्हणाली. कशासाठी ते नीट कळलं नसावं तिला.

काल घाऊकवाल्याचा फोन.
जूनपासून भाव वाढतायत, आत्ताच सांगा,
सटक्लिफ ड्रायक्लीनर्सच ना?

इद्रिसला पुन्हा हवंय. डेनीसच्या मैत्रिणीलाही.
हो, म्हटलं, बोला.
आणि पेन्सिल शोधू लागले.