पाण्याच्या दिवशी

भिकन बोरसे फोनवर म्हणाले,
गिऱ्हाईक शुक्रवारी आणतो, वहिनी.
शुक्रवारी तुमचा पाण्याचा दिवस ना?

देवपुरात आमच्या गल्लीला आठव्या दिवशी येतं पाणी.
सात दिवस आम्ही टाकीच्या बुडाशी कान लावून असतो,
आठव्या दिवशी मात्र घर
पांझरेच्या काठावर असल्यासारखं वागतं.
मी ओटा धुतला, जिना धुतला,
कूलरला नवा वाळा बसवला,
निळे ड्रम मागच्या बोळात सरकवून
वर सतरंजी टाकली,
जशी आजारी माणसावर टाकावी, तोंडासकट.

तुषार बडगुजर टॉवरच्या कंपनीत,
कंपनी विकली जाणार म्हणतात, कुणाला ते कळत नाही.
बायको सातव्या महिन्यात.
तिनं हॉल पाहिला नाही, गच्ची पाहिली नाही,
सरळ मोरीत जाऊन नळ उघडला.
धार पडली.
मी म्हणाले, पाण्याचं काही नाही बघा.

रात्री हे वाक्य उलटंसुलटं करून पाहिलं.
दोन्ही बाजूंनी खरं निघतं.

इसार एक्कावन्न हजार. बाकी, कर्ज मंजूर झालं की.
ते होतंय, होईल, साहेब रजेवर आहेत.
इकडे यांच्या ट्रान्सपोर्टच्या आठ गाड्यांतल्या पाच
आग्रा रोडला टायर उतरवून उभ्या.
शेठ म्हणतात पुढच्या महिन्यात बघू,
आणि पुढचा महिना तीनदा येऊन गेला
चहा न घेता.
शेजारच्या हिरकनबाई पापड लाटता लाटता म्हणाल्या,
पैसा हातमा येतीन तवय खरं.

बँकेचा माणूस टेप घेऊन आला.
माझ्या शिलाई मशीनखाली
फरशीला चार खळगे पडलेत, अठरा वर्षांच्या ब्लाउजांचे.
त्यानं वाकून पाहिलं, लिहिलं,
फरशी : मध्यम.

आता आपणही काहीतरी बघायला हवं,
विकून रस्त्यावर थोडंच बसणार?
साक्री रोडला दुसरा मजला, दोन खोल्या,
घरमालकीण सैंदाणे बाई, पोरगा सुरतेला,
बोलवतो पण नेत नाही.
जिना ओला होता.
ओटा ओला होता.
मोरीत नळ सुरू, उगाच, कुणी काही धूत नसताना.
गॅलरीच्या कोपऱ्यात एक चादर होती
आणि चादरीखाली काहीतरी गोल, उंच.
बाई म्हणाल्या, पाण्याचं काही नाही.

मी विचारलं, कितवा दिवस?

त्यांनी बोरसेंकडे पाहिलं, बोरसेंनी पंख्याकडे.
नववा, त्या म्हणाल्या,
आणि नळ बंद करून चहा ठेवायला गेल्या.
साखर जास्त पडली होती.
मी कप संपवला.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही.
साडेदहाला फोन लावला, तुषारला नाही, तिला.
म्हटलं, जागृती, एक सांगायचं राहिलं.
आठ दिवसांनी येतं आमच्याकडे.

माहितीये, ताई, ती म्हणाली.
आम्ही भाड्यानं राहतो तिथं अकरा.

मग दोघी थोडा वेळ काहीच बोललो नाही,
तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली,
एवढ्या रात्री.

कर्जाचं?
सोमवारी म्हणालेत. मागच्या सोमवारीही म्हणाले होते.
आणि ताई, सतरंजीखालचे ते ड्रम,
ते तेवढे राहू द्या हं.
आम्ही किमतीत धरलेत.

मी हो म्हणून बसले.
फोन ठेवल्यावर हे म्हणाले, हो काय?
साक्री रोडला नववा दिवस,
आणि आपण काय कळशीत साठवणार?