बिलबुकाची मागची बाजू

चाटी गल्लीत कामाला लागलो तेव्हा
इरण्णा शेठनी पहिल्या दिवशी मीटर हातात दिला नाही.
म्हणाले, बस. कोण काय नावानं येतंय ते ऐक.
टॉवेल मोजायला कुणीही शिकतंय बे.
नाव विसरलं की दहा टक्के सूट द्यावी लागते,
नाव आठवलं की गिऱ्हाईकच सूट मागायला लाजतंय.

मग मी लिहीत गेलो, बिलबुकाच्या मागच्या बाजूला,
कार्बनचा निळा डाग चुकवत:

शरणप्पा बिराजदार, इंडी. कानाला भोक, बाळी नाही.
चादर वीस नग. लाल नको म्हणतो.
गड्डम नरसूबाई, विडी घरकुल. आडनाव आधी, उलटं म्हणू नये.
खाजासाब नदाफ, गादीवाले, अक्कलकोट. थोरली नर्सिंगला.
(पुढं वेगळ्या शाईत: पास झाली. पेढा खाल्ला.)

शरणप्पाला विचारायचं, आराम इद्दीरी?
नरसूबाईला, बागुन्नारा?
बाकी कन्नड मला येत नाही, तेलुगू भांडणापुरती.
पण हाक नीट लागली
की माणूस पायरीवरच चपला काढायचा.

बावीस वर्षं झाली.
शेठ गेले. गल्ल्यावर मी.
नावं आता जिन्यात मधेच दम खात बसतात.

गड्ड्याची जत्रा उठल्यावरचा मंदा आठवडा, भर दुपार.
एक जण आत आला. खिशाला दोन पेन.
नाक तर अगदी ओळखीचं.

या की ओ, या! लई दिवसांनी.
घरी कसे आहेत सगळे?
बरे आहेत, म्हणाला.
पोरगं?
कुठलं?

मी पंचे उलगडले, नॅपकिन उलगडले,
मनात अ पासून निघून ज्ञ पर्यंत जाऊन आलो.
शेवटी तोच म्हणाला, माझं नाव सांगा बरं.

पंखा फिरत होता. शिकाऊ पोरगा बघत होता.
त्याला कालच मी दहा टक्क्यांचा हिशोब शिकवला होता.

विसरलो, म्हणालो.

तो हसला. विसराल कसं? पहिल्यांदाच आलोय.
वडील यायचे माझे. इंडीहून.

दुकान मोडून सहा वर्षं झाली होती ओ,
तरी सोलापूरला जाऊन येतो म्हणायचे.
गावात सगळ्यांचे गौडा, घरात अप्पा,
नावानं हाक मारणारे तुम्हीच उरला होता.
श्रावणात गेले.
माळ्यावर चादरी आहेत, पुडकी न सोडलेल्या.
परत घेता का, विचारायला आलो.

घेतल्या का, कितीला घेतल्या,
ते शेठ असते तर त्यांनाही सांगितलं नसतं.
पोराला म्हणालो, चहा सांग. आणि बिलबुक आण.
नाव विचार साहेबांचं, ऱ्हस्व-दीर्घ विचारून लिही.

महांतेश, तो म्हणाला.
मग जरा थांबून:
लाल एकही नाही त्यात.

माहीत आहे, म्हणालो.