तीनशेच्या खाली नाही

जालन्यात आवाज विकायचा तर आधी पंखा बंद करावा लागतो.
दार लावायचं, खिडकीला सतरंजी,
डोक्यावरून गोधडी, मोबाइल हनुवटीखाली,
आणि नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकायच्या आत
म्हणून टाकायचं:
"थंडगार! ताजंतवानं! आता आपल्या शहरात!"

पहिलं काम मोंढ्यानं दिलं.
मन्मथ हालगे तिथं हरभऱ्याची बोली पुकारायचा,
पोत्यांवरची कबुतरं उडायची असा घसा.
बियाणं कंपनीचा माणूस त्याला म्हणाला, रिक्षावर बोलता का?
तो म्हणाला, मला भाव सांगता येतो, वाक्य नाही येत.
ह्या पोराला न्या.

नेलं. एका कॅसेटचे साठ रुपये.
मग दहा वर्षं मी 'पानी'चं 'पाणी' करत बसलो,
आरशासमोर, जीभ टाळूला लावून, ण, ण, ण.
बायको म्हणायची,
कामून भुंग्यावानी करायलाव?
आता पुण्याचा स्टुडिओ फोनवर म्हणतो,
सर, जरा गावाकडचं येऊ द्या ना, ते 'पानी' वगैरे.
त्या 'न'चे मी दोनशे जास्तीचे घेतो.

दुसऱ्या रविवारी आम्ही नसीम आपांच्या शिलाई दुकानात जमतो.
कापडाच्या ताग्यांमुळं तिथं आवाज घुमत नाही.
आपा पोलिओच्या डोसाची हाक दखनीत देतात;
पंचशीला साळवे घंटागाडीवर, शाळांच्या प्रवेशावर,
सोनाराच्या दुकानावरही.
बदनापूरचा विश्वंभर फक्त निधनवार्ता बोलतो.
नावानंतर तो जेवढा थांबतो
तेवढं थांबणं आम्हाला कुणालाच जमत नाही.
त्याला लग्नाचं काम मात्र कुणी देत नाही.

ठरलं होतं: तीनशेच्या खाली कुणी बोलायचं नाही.
तिसऱ्याच आठवड्यात विश्वंभर उठून म्हणाला,
मी दीडशेत केलं. मयताच्या घरी भाव कसा करू?
मशीन थांबवून आपांनी
भिंतीवरच्या कागदात खडूनं भर घातली:
निधन सोडून.

मग ते करारपत्र आलं. अकरा पानं.
चाळीस तास बोला, एकदाच पैसे घ्या.
आम्ही ते मोठ्यानं वाचलं, दुसरं काय येतं आम्हाला?
"कायमस्वरूपी" मी वाचलं, बियाण्याच्या जाहिरातीसारखं.
"सर्व माध्यमांत, सध्याच्या व भविष्यातील" आपांनी.
"आवाजावरील हक्क" इथं विश्वंभर आला
आणि तसाच थांबला.
कुणी हसलं नाही.

पंचशीलानं सही केली.
पोरीची नर्सिंगची फी होती, तारीख जवळ होती.
पेन माझंच होतं.

वर्षभरानं बँकेला फोन लावला तर
ती म्हणाली, कृपया प्रतीक्षा करा.
मी म्हणालो, बोल ना, मी हाय.
ती म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
काम नव्हतं तरी मी दोनदा परत लावला.
वाक्याआधी ती जो श्वास घ्यायची, गाठोडं उचलावं तसा,
तो कुठंच नव्हता.

रविवारी तिनं स्वतः ऐकलं, स्पीकरवर, ताग्यांच्या मधे बसून.
दोनदा. मग म्हणाली,
'प्रतीक्षा'तला 'क्षा' माझा नाही. मी इतका चोपडा बोलत नाही.

मन्मथअप्पा आता बोलत नाहीत. घशाचं ऑपरेशन झालंय.
तरी येतात, कोपऱ्यात बसतात, चहाला मान हलवतात.
त्या दिवशी त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला,
तिचा हात हातात घेतला, वरून रुमाल टाकला,
मोंढ्यात दोन व्यापारी करायचे तसं,
आणि आत बोटं दाबली.

तिचे डोळे आधी मोठे झाले, मग ती हसली.
किती, विचारलं आम्ही. किती म्हणाले अप्पा?
ती सांगंना.
रुमालाखालचा भाव कधी कुणी सांगतं का?