वाऱ्याचा डोळा

हानुस काचवाला शिडी टेकवतो
सुन्नुवाच्या घराच्या पश्चिम भिंतीला.
डिसेंबर. दुपारचे दोन.
बेटावर उजेडाची आवराआवर सुरू झालेली.
काल रात्रीच्या वादळात कुणाच्या तरी मेंढवाड्याचा पत्रा
उडत आला, काच फोडून थेट
तिच्या लोकरीच्या टोपलीत बसला,
न कळवता आलेल्या पाहुण्यासारखा.

"कुठली खिडकी?" त्याने फोनवर विचारलं होतं.
खरं तर त्याने विचारलं होतं, "कुठला वाऱ्याचा डोळा?"
फेरोच्या भाषेत खिडकीला हाच शब्द आहे.
वारा आणि डोळा, एकाला एक शिवलेले,
रोज हाताळून इतके गुळगुळीत
की यात वारा आहे हे कुणाला आठवत नाही,
डोळ्याचं तर सोडाच.

नात मात्र शाळेतून नवीन काहीतरी घेऊन आलीय.
इंग्रजांचं विंडो म्हणे आपलंच.
हजार वर्षांमागे इकडचीच माणसं होड्या घालून गेली,
आधी लुटलं, मग नांगरलं,
मग तिथल्याच पोरींशी संसार मांडले,
आणि चुलीपाशी बसल्या बसल्या हा शब्द त्यांच्या घरात सांडला.
त्याआधी इंग्रज खिडकीला डोळ्याचं भोक म्हणायचे.
ते त्यांनी बुजवून टाकलं.
"नेला तर नेला," सुन्नुवा म्हणते,
"परत कधी करणारेत?"

हानुस शिडीवरून हसतो. चौकटीत उरलेले काचेचे दात
एकेक उपटून बादलीत टाकतो.
त्याला एक रशियन आचारी आठवतो, ट्रॉलरवरचा.
फुटक्या काचेवर बोट आपटून म्हणाला, अक्नो,
आणि तेच बोट स्वतःच्या डोळ्याखाली नेलं:
जुना शब्द आहे, आता फक्त प्रार्थनेत उरलाय.
व्हिगोचा एक खलाशी व्हेंताना म्हणाला
आणि तळहातावर फुंकर मारली.
म्हणजे एकाने डोळा ठेवला, एकाने वारा,
वाटणीत भांडण झालेलं दिसत नाही.
पोर्तुगीज मात्र खिडकीला छोटं दार म्हणतात.
"त्यांच्या बायकांचे भाऊ फार कडक असणार," हानुस म्हणतो.

सुन्नुवाच्या पणज्याच्या काळी भिंतीला खिडकी नव्हतीच.
छपराला एक भोक.
धूर वर जायचा, उजेड खाली यायचा,
वाटेत भेटले तर एकमेकांना जागा द्यायचे.

तिच्या डाव्या डोळ्यावर साय धरलीय.
उजव्यानेही आता हट्ट सोडलाय.
मराठीत आपण याला मोती म्हणतो, इंग्रज धबधबा म्हणतात;
आंधळं होणाऱ्याला प्रत्येक भाषा
काहीतरी चमकणारं देऊ करते.
सुन्नुवा नुसतं म्हणते, दिसत नाही.
तोर्शहावनच्या डॉक्टरने फेब्रुवारीतली तारीख दिलीय.

चौकट मोकळी झाली.
हानुस नवी काच गाडीतून काढायला वळतो
तेव्हा ती म्हणते, "थांब."
खुर्ची ओढते, गुडघ्यांना दोन शिव्या देते, उभी राहते
आणि चेहरा त्या रिकाम्या चौकोनात धरते.
समुद्रावरून आलेला वारा
तिच्या दोन्ही डोळ्यांत एकदमच शिरतो.

पाणी येतं. ती पुसत नाही.

"फेरी निघाली," ती म्हणते.
"आज डिझेल वाईट भरलंय.
आणि नील्सच्या मेंढ्या खालच्या कुरणात आल्यात,
ओल्या आहेत."

हानुस वळून बघतो.
धक्क्यावरून फेरी खरंच सुटलीय.
खालच्या कुरणात राखाडी ठिपके.
ओले आहेत का, ते त्याला इथून दिसत नाही.

"घर गार पडेल," तो म्हणतो.
"पडू दे."

थंडीने लांबी घट्ट व्हायला लागलीय.
तो तिचा गोळा मुठीत घेतो,
मळत राहतो,
आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीवर
काहीच न बसवता उभा राहतो.